पुस्तकांना कुलूप, पोरांना घोकंपट्टी

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुमचे मूल शाळेत जाते. पण ते वाचते काय, याची तुम्ही कधी पारख केली आहे काय? पुस्तक हाती घेऊन ते धडाधड ओळी म्हणून दाखवते आणि तुम्ही समाधानाने मान डोलावता. आता एवढेच करा. ओळीच्या मध्यावर बोट ठेवून विचारा, 'बाळ, हा शब्द कोणता?' पुष्कळ मुले पुन्हा ओळीच्या आरंभापासून म्हणू लागतील आणि बोटापाशी येऊन थबकतील. म्हणजे त्यांनी वाचले नाही, ऐकलेले पाठ केले. एवढे तर पोपटही करतो!

हा आमचा नुसता तर्क नव्हे. 2024 साली 'असर' या नावाने देशभरच्या खेड्यांत घरोघर पाहणी झाली. तीत पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. चार वर्षे शाळेचा उंबरठा झिजवून ही गत! मग दोष कोणाचा?

उत्तर तयारच असते. 'ही अडाण्यांची पोरे. घरी वाचनाचे वळण नाही. यांना पुस्तकाची गोडी कोठून लागणार?' असे म्हणणाऱ्या शहाण्यांना आम्ही विचारतो की, जागरण-गोंधळात रात्रभर डोळे ताणून कथा ऐकणारे, आजीच्या कुशीत 'मग पुढं काय झालं?' म्हणून हट्ट धरणारे पोर गोडीवाचूनचे कसे? भूक आहे, ताटच झाकून ठेवले आहे.

सुतार आपल्या पोराला रंधा, पटाशी, वाकस यांची नावे वर्षभर घोकायला लावतो काय? तो हाती लाकूड देतो, चुकू देतो आणि शेजारी बसून वळण लावतो. शाळेत मात्र 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत महिनेच्या महिने गजर चालतो आणि अर्थाचा एक शब्द पोराच्या हाती लागत नाही. वास्तविक म, न, क, ळ ही चारच अक्षरे शिकवा. मन, नळ, मळ, कळ, कमळ हे शब्द पोर त्याच आठवड्यात वाचील. त्यांना काना जोडा. नाक, कान, काम, माळ, काका, मामा हजर! आपण वाचले आणि आपल्याला कळले, हा आनंद पहिल्या महिन्यातच मिळाला पाहिजे. गोडी तेथे लागते. छडीने वा बक्षिसाने लागत नाही.

दुसरा जुलूम भाषेचा. पोर 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचते. शब्द ओळखला, अर्थ कळला. मग हसायचे कशाला? पण 'अशुद्ध! अशुद्ध!' म्हणून चारचौघांत त्याची थट्टा होते आणि ते पुन्हा तोंड उघडीत नाही. आईची बोली ही पोराची पहिली पायरी. तिच्यावर उभे राहूनच ते ग्रंथाच्या भाषेपर्यंत चढेल. पायरीच उखडणाऱ्याला गुरुजी कसे म्हणावे? जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांसाठी शेतकरी वर्गातले शिक्षक मागितले, ते याचसाठी की ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील. आज त्या घरांतले पुष्कळ लोक मास्तर झाले आहेत. त्यांनीच पोराच्या बोलीला नाक मुरडावे, याहून मोठे नवल कोणते?

आणि तिसरी गोष्ट कपाटाची. शाळेत गोष्टींची पुस्तके येतात, शिक्का बसतो, नोंदवहीत आकडा चढतो आणि कपाटाला कुलूप लागते. का? तर पोरे फाडतील, मग हिशेब कोण देणार? कोरे करकरीत पुस्तक वाळवीने खाल्ले तरी चालते, पण पोराच्या हाताने मळलेले चालत नाही! आम्ही म्हणतो, फाटू द्या. वापरून फाटले ते पुस्तक कामी आले. औताला न जुंपलेला बैल धष्टपुष्ट दिसतो, म्हणून त्याची कोणी पूजा करतो काय?

हे दान नव्हे, हक्क आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वाचनालय सांगितले आहे. त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींचीही पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. साबणाच्या वडीपासून डिझेलपर्यंत तुम्ही कर भरता. त्यातूनच ती पुस्तके येतात.

वाचन म्हणजे फावल्या वेळची चैन, असे ज्यांना वाटते त्यांनी 1855 साल आठवावे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. नुसत्या बाराखडीच्या गजरातून असा निबंध निघत नाही. अर्थ कळून वाचणारे मूलच उद्या प्रश्न विचारते. ते कर्जाचा कागद वाचल्यावाचून अंगठा देत नाही, पीकविम्याच्या अटी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत नाही, आणि मोबाईलवर आलेल्या खोट्या निरोपाला फसत नाही.

तेव्हा आता करायचे काय? त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. त्या सभेत नुसती सही करून येऊ नका. बायाबापड्यांनो, तुम्हीच उठून विचारा की, या महिन्यात कोणते पुस्तक कोणाच्या घरी गेले? मास्तर रोज पोरांना एक गोष्ट वाचून दाखवतात काय? पोरांना मनाजोगते वाचायला अर्धा तास मिळतो काय? आणि घरी दिवेलागणीला पोराला जवळ बसवून म्हणा, 'वाच, आम्ही ऐकतो.' तुम्हाला स्वतःला अक्षर येत नसेल तरी कान तर आहेत! ऐकणारा मिळाला की वाचणारा तयार होतो.

कपाटाची किल्ली मागून मिळाली तर उत्तम. न मिळाली तर सभेत ठराव करून घ्या. पण पुढच्या बाजाराच्या आत ते कुलूप निघालेच पाहिजे.