छपरावरची वीज आणि विसरलेली शाकारणी

सौर वीजसंच बसविला की समारंभ होतो. नारळ वाढविला जातो, फीत कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र झळकते. त्याच संचाची पाच वर्षे नीट निगा राखली म्हणून कोणाचे छायाचित्र छापून आल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. 2010 साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, 2015 मध्ये त्याचे उद्दिष्ट वाढवून 100 गिगावॅट करण्यात आले आणि जानेवारी 2025 मध्ये देशाने तो आकडा गाठला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु हा आकडा बसविलेल्या क्षमतेचा आहे. बसविलेल्यांपैकी आज किती पॅनेले पुरती वीज देत आहेत, हा प्रश्न वेगळा. आणि तो विचारण्याची आपल्याला सवय नाही.

पूर्वी आपल्या भागात मृगाच्या आधी घरे शाकारीत असत. फुटके कौल बदलायचे, सरकलेले जागेवर बसवायचे, पन्हळीतला पाचोळा काढायचा. घर गळू लागल्यावर कोणी शाकारीत नसे. गळू नये म्हणून शाकारीत. पुढे पत्रे आले, स्लॅब आले, आणि छपराकडे वर्षातून एकदा तरी पाहण्याची रीत मोडली. आता त्याच छपरांवर आपण लाखो रुपयांची यंत्रे नेऊन ठेवली आहेत.

गेली काही वर्षे पदवीच्या शेवटच्या वर्गातील मुलामुलींना घेऊन मी उद्यमबागेतील कारखान्यांच्या शेडवर जातो. पदार्थविज्ञानाचा प्रकल्प म्हणून आम्ही तेथील सौर संचांची मोजमापे घेतो. मालक मंडळी अगत्याने चहा देतात आणि हमखास एक वाक्य बोलतात : "सर, त्याला काय बघायचं असतंय ओ? ऊन पडलं की चालतंय की!" या वाक्यात विक्रेत्याने कानात भरलेली एक समजूत आहे. ज्यात फिरणारा भाग नाही, त्यात झिजणारा भाग नाही, ही ती समजूत. वस्तुतः त्यात झिजणारे पुष्कळ काही असते. काचेखालच्या घटाला बारीक तडे जातात, जोडण्या सैल होतात, तारांचे आवरण उन्हाने उकलते, इन्व्हर्टरचा पंखा धुळीने अडतो. पॅनेलची हमी 25 वर्षांची असते, परंतु इन्व्हर्टर साधारणतः 10 ते 15 वर्षांत बदलावा लागतो. हे खरेदीच्या वेळी किती जणांना सांगितले जाते, कोण जाणे!

फौंड्रीत वाढलेल्या माणसाची एक अडचण मला समजते. त्याची यंत्रे बोलतात. लेथचे बेअरिंग गेले की आवाज येतो, मोटार जळू लागली की वास येतो, पट्टा सैल झाला की कामगार स्वतःच ओरडतो. सौर संच मात्र बिघडला तरी मुकाट पडून असतो. त्याचे दुखणे ऐकू येत नाही. ते फक्त आकड्यांत दिसते.

एक उदाहरण घेऊ. 100 किलोवॅटचा संच आहे. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे दिवसाला सुमारे 4 युनिटे मिळतात, म्हणजे एकूण 400. हा संच सुमारे 10 माळांचा असतो. प्रत्येक माळेत 540 वॅटची 18-19 पॅनेले एकापुढे एक जोडलेली असतात. एकसर जोडणीत एक दुवा तुटला तर साऱ्या माळेचा प्रवाह थांबतो, हे आपण अकरावीतच शिकतो. एक फ्यूज गेला, एक जोडणी जळाली, की दिवसाची 40 युनिटे गेली. युनिटला 7 रुपये धरले तरी महिन्याला 8,400 रुपये होतात. ही घटना जूनमध्ये घडली तर सप्टेंबरअखेरपर्यंत कोणाच्या लक्षात येण्याचा संभवच कमी. कारण पावसाळ्यात वीज निम्म्यावर येते आणि सगळा दोष ढगांच्या माथी मारता येतो. चार महिन्यांत हजारो रुपये गेले, आणि आवाजसुद्धा झाला नाही! इकडे बँकेचा हप्ता मात्र पूर्णच भरला जात असतो.

मग ढगांचा दोष कोणता आणि संचाचा कोणता, हे ओळखायचे कसे? देखरेख या शब्दाचा खरा अर्थ इथे सुरू होतो. त्या दिवशी छपरावर ऊन किती पडले हे आधी मोजायचे. पॅनेलच्या प्रतलावर दर चौरस मीटरला 5 युनिटे इतके ऊन पडले असेल, तर 100 किलोवॅटच्या संचाकडून कागदावर 500 युनिटांची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात 390 मिळाली, तर गुणोत्तर 78 टक्के झाले. निरोगी संचाचे हे गुणोत्तर साधारणपणे 75 ते 85 टक्क्यांच्या दरम्यान राहते. ढगाळ दिवशी ऊनही कमी आणि वीजही कमी, म्हणून गुणोत्तर फारसे हलत नाही. ते 66 वर आले, तर मात्र समजावे की ढग निर्दोष आहेत. ऊन मोजण्याचे उपकरण घ्यायला परवडत नसेल, तर एका माळेची दुसऱ्या माळेशी तुलना करावी. एकाच उन्हात, एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या दहा माळांत एक मागे का, एवढा प्रश्न विचारायला पदवीही लागत नाही.

यावर मला उत्तर मिळते : "मोबाईलात सगळं दिसतंय, सर." दिसते खरे, पण पाहतो कोण? एका शेडवर आम्ही गेलो तेव्हा मोबाईलातला आलेख सात आठवडे रिकामा होता. संच व्यवस्थित चालू होता. माहिती पाठविणाऱ्या उपकरणातील सिमकार्डाचे रिचार्ज तेवढे संपले होते. दुसऱ्या एका ठिकाणी बिघाडाची सूचना रोज नियमाने जात होती, पण ती संच बसविणाऱ्याच्या ज्या नोकराच्या पत्त्यावर जात होती, तो केव्हाच काम सोडून गेला होता. यंत्राने आपले काम चोख केले, ऐकणारा माणूस मात्र नेमलेला नव्हता. किराणा दुकानदार गल्ला मोजल्याशिवाय रात्री दुकानाची फळी लावत नाही. कारखान्यातल्या एकाच ठरावीक माणसाने संध्याकाळी सहा वाजता वहीत दोन आकडे लिहावेत, आजची युनिटे आणि एकूण युनिटे, एवढीच माझी मागणी आहे. वही म्हटले की मुले हसतात. हसू देत.

आकडे पाहू लागले म्हणजे गमतीही कळतात. एका संचात साप्ताहिक सुटीच्या दिवशी नेमकी दुपारी वीज कमी पडत असे. मालकाचा संशय सफाईवाल्यावर होता. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने दोन महिन्यांचे आकडे वारांप्रमाणे मांडले तेव्हा खरे कारण सापडले. कारखाना बंद, त्यामुळे सगळी वीज बाहेर विद्युतवाहिनीत जाणार. त्याने व्होल्टेज चढते. ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की इन्व्हर्टर सुरक्षिततेसाठी स्वतःला तोडून घेतो, काही मिनिटांनी पुन्हा जोडून पाहतो, पुन्हा तोडतो. भर दुपारी हा लपंडाव चालू होता. उपाय होता जाड केबल टाकण्याचा आणि ट्रान्सफॉर्मरवरील टॅप बदलून घेण्याचा. सफाईवाला उगाच बोलणी खात होता. पावसाळ्यातली आणखी एक तऱ्हा सांगतो. जोडणीत ओल शिरली की सकाळी इन्व्हर्टर सुरूच होत नाही, आणि अकराच्या सुमारास ऊन लागून ओल वाळली की आपोआप चालू होतो. दुपारी पाहायला येणाऱ्या वायरमनला सगळे ठाकठीक दिसते!

आता धुळीविषयी. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि गांधीनगरची आयआयटी यांनी मिळून केलेले संशोधन 2017 साली प्रसिद्ध झाले. काही आठवडे न पुसलेली पॅनेले स्वच्छ केल्यावर त्यांची कार्यक्षमता 50 टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. आपला प्रदेश गुजरातइतका कोरडा नाही, चार महिने पाऊस फुकट धुऊन देतो. पण फौंड्रीच्या धुराड्याजवळ वाळू, काजळी आणि लोखंडाचा बारीक कण जो थर देतात, तो पावसालाही दाद देत नाही. येथे अडाणी उत्साहाचाही तोटाच असतो. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारले की काचेला धक्का बसतो. कूपनलिकेचे जड पाणी वाळले की पांढरा क्षार राहतो, तो धुळीहून वाईट. आणि पॅनेलवर पाय देऊन पलीकडचे पॅनेल पुसणाऱ्या माणसाला, पायाखाली घट तडकत आहेत हे दिसत नाही. पहाटे किंवा ऊन उतरल्यावर, मऊ कापडाने, मऊ पाण्याने पुसावे. पाण्याचा प्रश्न आहेच. कोची विमानतळाने 2015 साली 12 मेगावॅटचा प्रकल्प उभारला, तेव्हा पॅनेलच्या रांगांमध्ये भाजीपाला लावला. धुण्याचे पाणी भाजीला जाते आणि तणही वाढत नाही. ही शहाणपणाची गोष्ट आपल्याकडील मोकळ्या जागेवरच्या प्रकल्पांना सहज घेता येईल.

पण मला खरी काळजी वाटते ती पुसणाऱ्या माणसाची. पॅनेले पुसायला येणारा बहुधा रोजंदारीवरचा असतो. कंत्राट सर्वांत कमी दराला दिलेले असते, तो दर त्याच्या कमरेच्या दोरातून वाचवलेला असतो. शेडच्या छपरात उजेडासाठी मधून मधून पारदर्शक पत्रे घातलेले असतात; धुळीने ते इतर पत्र्यांसारखेच दिसू लागतात आणि माणसाचे वजन त्यांना पेलत नाही. खाली तीस फुटांवर सिमेंटची फरशी किंवा चालू यंत्र. शिवाय त्या माळांमध्ये हजार व्होल्टपर्यंतचा एकदिश दाब असतो. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझते. एकदिश प्रवाहाची ठिणगी तशी विझत नाही. भार चालू असताना फ्यूज ओढला तर हातातच ज्वाला पेटते. बटण बंद केले तरी ऊन असेपर्यंत पॅनेलमधला दाब बंद होत नाही, ही साधी गोष्ट छपरावर चढणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे?

हे केवळ गरीब देशाचे दुखणे आहे असे नाही. अमेरिकेत वॉलमार्टने आपल्या सात दुकानांच्या छपरांवर आगी लागल्याचे सांगून ऑगस्ट 2019 मध्ये टेस्लावर दावा लावला. निष्काळजी जोडणी आणि देखभाल हा त्यातील मुख्य आरोप होता. नोव्हेंबरमध्ये आपसांत तडजोड झाली. एवढ्या धनाढ्य कंपन्यांच्या छपरावरही सैल जोडणी वेळेवर दिसावी लागतेच.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बंगळूरला 1995 साली हरीश हांडे यांनी 'सेल्को' सुरू केली ती खेड्यातल्या छोट्या घरांसाठी. पण दिवा विकला की संबंध संपला असे त्यांनी मानले नाही, देखभालीला माणूस दारात जाईल अशी व्यवस्था उभी केली. 2011 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाच-पन्नास वॅटच्या दिव्याला जो माणूस मिळतो, तो 100 किलोवॅटच्या शेडला मिळत नाही, याला काय म्हणावे? खंडेनवमीला आपण इन्व्हर्टरला झेंडूची माळ घालतो. (ती बहुधा पंख्याच्या जाळीवरच अडकवतात आणि दसऱ्यानंतर तिथेच वाळते, ते असो.)

आपल्या महाविद्यालयाने काय करावे, याविषयी माझी एक सूचना आहे. इन्व्हर्टरच्या पडद्यावर बिघाड झाला की इंग्रजी अक्षरे आणि एक सांकेतिक क्रमांक उमटतो. सोबतची पुस्तिका इंग्रजीत, धोक्याची पाटी इंग्रजीत. समोर उभा असलेला माणूस मराठी बोलणारा असतो किंवा कन्नड बोलणारा. सीमाभागात भाषेवरून आपण थोडी शाई खर्च केलेली नाही. पण छपरावर चढणाऱ्या या माणसासाठी दोन्ही भाषांत मिळून छापलेले एक पान माझ्या पाहण्यात आलेले नाही. या अंकाला मराठी विभाग आहे, कन्नड विभाग आहे. दोघांनी बसून ते एक पान लिहावे. वर दोर कुठे बांधायचा आणि पारदर्शक पत्रे कोणते हे असावे, त्यांवर रंगाची खूण करून. मग फ्यूजला हात केव्हा लावायचा नाही, पाणी कोणत्या वेळी मारायचे, पडद्यावर अमुक क्रमांक दिसला तर कोणाला फोन करायचा. खाली वहीचे दोन रकाने आखलेले असावेत.

मराठी मसुदा आमच्या प्रयोगशाळेत कच्चा तयार आहे. त्यात 'पॅनेल' लिहिले होते, ते खोडून आम्ही 'प्लेटा' केले, कारण शेडवर सगळे तेच म्हणतात. कन्नड विभागातील प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी सवड काढून यावे. मृगाच्या आधी हे पान छापून शेडवर लागले, तर यंदाच्या पावसाळ्यातच त्याचा उपयोग होईल.