घनतेची नोंद आणि नादकाटा

पेट्रोल पंपाच्या तपासणीत आजही काचेच्या नळकांड्यात हायड्रोमीटर तरंगवावा लागतो, तापमान टिपावे लागते आणि तक्ता पाहून १५ अंश सेल्सिअसची घनता काढावी लागते. चलनावरील घनतेपेक्षा ती घनमीटरला ३ किलोहून अधिक वेगळी आली, की शंका घ्यायची. रीत वाईट नाही. पण आकडा लिहिणाऱ्याच्या हातात असतो. ऋतू बदलला, टँकर बदलले, तरी महिनाभर एकच घनता सांगणारी नोंदवही मी पाहिली आहे.

दुसरी अडचण गणिताची. ८४० घनतेच्या डिझेलात ८०० घनतेचे रॉकेल २० टक्के मिसळले तर मिश्रण सुमारे ८३२ भरते, आणि तेवढी घनता चांगल्या डिझेलचीही असू शकते. चलनाशी ताडून पाहिले तरच चोरी दिसते. जड द्रावकाची जोड दिली तर तीही झाकता येते.

येथे क्वार्ट्झचा नादकाटा उपयोगी पडतो. दाबाने स्फटिकात विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. याच्या उलट क्रियेवर, म्हणजे विद्युतदाबाने हलणाऱ्या स्फटिकावर, आपले मनगटी घड्याळ चालते. त्यातला चिमुकला काटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. असा काटा द्रवात बुडविला की त्याला भोवतालचा द्रवही हलवावा लागतो. त्यामुळे कंप मंदावतो, आणि ओशटपणामुळे तो लवकर विरतोही. (द्रवासाठी अर्थात मोठे, कमी कंप्रतेचे काटे घेतात.) या दोन खुणांवरून घनता आणि श्यानता दोन्ही काढता येतात. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ असते. दोन्ही गुण एकदम जुळविणे भेसळ करणाऱ्यास बरेच अवघड जाते.

यंत्राचे मला वाटणारे महत्त्व मात्र वेगळे आहे. सरकारी तेल कंपनीचे विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांची नोव्हेंबर २००५ मध्ये लखीमपूर खेरी येथे हत्या झाली. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. भेसळीचा पहिला संशय घेण्याचे काम आपण एकट्यादुकट्या अधिकाऱ्याच्या देहावर सोपविले आहे. टाकीतील काट्याने रात्री दोन वाजता नोंदविलेला बदल थेट दुसरीकडे साठविला गेला, तर धमकी द्यायची कोणाला?

हा काटा म्हणजे पुरावा नव्हे. तापमान सोबत मोजावे लागते, गाळ बसला की वाचन चुकते, आणि खटल्यासाठी विधिवत नमुना व प्रयोगशाळेचा अहवाल लागणारच. पण नमुना कोठे व केव्हा घ्यावा, हे तो सांगू शकेल. अनेक पंपांच्या टाक्यांत पातळी मोजणारी स्वयंचलित साधने आलेली आहेतच. त्यांच्या शेजारी हे बसविणे अशक्य नाही. एका जिल्ह्यात वर्षभर प्रयोग करावा आणि दर संशयित वाचनामागे प्रयोगशाळेत नमुना जावा. देखभालीचे कंत्राट मात्र पंपचालकाने नेमलेल्या माणसाकडे नको, आणि आमच्या कार्यालयाकडेही नको.