ऱ्हस्व ‘टाकु’ची बाजू

कोकणच्या किनाऱ्याने फिरून आलेला मराठीचा प्राध्यापक हल्ली दोन गोष्टी बरोबर आणतो : आंबापोळी आणि अशुद्ध पाट्यांची छायाचित्रे. ‘येथे कचरा टाकु नये’ हे वर्गात पडद्यावर दाखवायचे, १९६२ च्या नियमांनुसार अन्त्य उकार दीर्घ हवा असे बजावायचे आणि हशा मिळवायचा. या हशाला आमचा विरोध आहे.

मुळात आपण या पाट्या वाचत नाही, तपासतो. वाचल्या असत्या तर उकाराआधी क्रियापद खटकले असते. ‘नये’ म्हणताना कर्ता सहज गाळता येतो. कोण कोणाला सांगते आहे, हे मोघम राहते. सरकारी फलकाला ते सोयीचेच असते. त्यावर शुद्धलेखन चोख, पुढाऱ्याची छबी ठसठशीत. कचरा मग टाकायचा कुठे, याचा पत्ता नाही. याउलट जांभ्याच्या गडग्याला टेकवलेल्या होडीच्या मोडक्या फळीवर उरल्यासुरल्या ऑइलपेंटने लिहिलेले दिसते : ‘बाटल्या टाकू नका. खाली आमची विहिर आहे.’ तुम्ही आहात, आम्ही आहोत, कारणही आहे. ‘विहिर’ ऱ्हस्व पडली खरी. पण पाणी तिचेच प्यायचे आहे.

काही पाट्यांवर नुसते गाढव रंगवलेले असते. ‘ही काय भाषा झाली?’ असे विचारणारे हेच अध्यापक शिलाहारकालीन गद्धेगाळ मात्र गंभीर चेहऱ्याने शिकवतात. दिलेली जमीन हिरावणाऱ्याला त्या दगडांवर गाढवाचीच शिवी कोरली आहे, आणि ती आजच्या कोणत्याही पाटीपेक्षा कितीतरी अश्लील आहे. तिथे कोणी लेखनदोष काढत नाही. तो भाषेचा पुरावा ठरतो. आठशे-नऊशे वर्षे जुनी शिवी संशोधनविषय आणि रस्त्याकडेची विनोद, हा न्याय कुठला?

पाट्यांनी कचरा थांबत नाही, हा आक्षेप खराच आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामपंचायतींबरोबर उत्पादकांवरही जबाबदारी टाकली. पण पर्यटकांची गाडी निघून गेल्यावर व्हाळात उतरून बाटल्या वेचतो तो विहिरीचा मालक. फळी रंगवतो तोही तोच. त्याच्या हाती एवढेच आहे.

तेव्हा छायाचित्र दाखवायचेच असेल तर दोन्ही फलक शेजारीशेजारी दाखवा, आणि यांतले कोणते वाक्य कोणी कोणाला उद्देशून लिहिले आहे, ते विद्यार्थ्यांना विचारा. उकार नंतर दुरुस्त करता येईल.