१४ फेब्रुवारीचे विस्मृत मानकरी

१/ १४ फेब्रुवारी म्हटले की संत व्हॅलेंटाइनचे नाव ओठांवर येते. रोमन कॅथलिक चर्चच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेत मात्र १९६९ पासून या दिवशी सिरिल आणि मेथोडियस या नवव्या शतकातील बंधूंचे स्मरण केले जाते. हा बदल पुराव्याच्या कसोटीवर योग्यच ठरतो.

२/ व्हॅलेंटाइनविषयी निश्चित माहिती अत्यल्प आहे: तो रोमन काळातील हुतात्मा होता आणि रोमबाहेर फ्लामिनियन मार्गालगत त्याचे दफन झाले. प्राचीन परंपरेत रोमचा धर्मगुरू आणि तेर्नीचा बिशप असे दोन व्हॅलेंटाइन याच तारखेला आढळतात. ते खरोखर दोन होते की एकच, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

३/ सैनिकांचे विवाह गुप्तपणे लावणारा व्हॅलेंटाइन कोणत्याही समकालीन साधनात सापडत नाही. त्याच्या दिवसाचा प्रेमाशी संबंध ठळकपणे दिसतो तो थेट चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या काव्यात. तेथे या दिवशी पक्षी आपले जोडीदार निवडतात.

४/ सिरिलचे तसे नाही. थेस्सलोनिकात जन्मलेल्या या विद्वानाचे मूळ नाव कॉन्स्टँटिन. मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याने फ्रँकिश धर्मगुरूंचा प्रभाव रोखण्यासाठी बायझंटाइन सम्राटाकडे स्लाव्ह भाषा जाणणारे उपदेशक मागितले. ८६३ च्या सुमारास हे बंधू तेथे पोहोचले. स्लाव्ह भाषेसाठी सिरिलने ग्लागोलिटिक लिपी घडवली आणि धर्मग्रंथांच्या भाषांतरास आरंभ केला.

५/ विरोध तीव्र होता. ईश्वराची उपासना हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत करावी, असे म्हणणाऱ्या धर्मगुरूंशी सिरिलने व्हेनिसमध्ये वाद घातला. पुढे पोप दुसरा एड्रियन याने स्लाव्ह उपासनेस मान्यता दिली. १४ फेब्रुवारी ८६९ रोजी सिरिल रोममध्ये निवर्तला. म्हणजे ही तारीख त्याची स्वतःची पुण्यतिथी आहे.

६/ मेथोडियसला बव्हेरियन बिशपांनी सुमारे अडीच वर्षे कैदेत ठेवले. ८८५ मध्ये त्याच्या निधनानंतर शिष्यांना मोराव्हियातून हाकलण्यात आले. त्यांपैकी काहींना बल्गेरियाने आश्रय दिला. सिरिलच्या नावाने ओळखली जाणारी सिरिलिक लिपी तेथेच आकाराला आली. ती सिरिलने घडवली, हा समज चुकीचा आहे.

७/ लोकप्रिय दिवसावर चर्चने दुसरे संत लादले, असा आक्षेप घेता येईल. परंतु व्हॅलेंटाइनचे नाव चर्चच्या हुतात्म्यांच्या यादीत कायम आहे आणि स्थानिक पातळीवर त्याचा सण साजरा करण्यास मुभा आहे. १९६९ मध्ये केवळ अग्रक्रम बदलला. एकाचे नाव आणि थडगे एवढेच ज्ञात आहे. दुसऱ्यांचे कार्य, संघर्ष आणि मृत्यूची तारीखही ज्ञात आहे.

८/ लोकस्मृतीने कथेची निवड केली, यात गैर काही नाही. मात्र त्या निवडीला इतिहास मानणे गैर आहे. सोफिया किंवा मॉस्को येथे त्या दिवशी लिहिली जाणारी प्रेमपत्रेही सिरिलचेच नाव धारण करणाऱ्या लिपीत असतात. या दिवसावरील त्या बंधूंचा हक्क त्यामुळे तरी मान्य व्हावा.