पैनगंगेकाठचे तंबू आणि मराठवाड्याचे आभाळ

महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी एकही मराठवाड्याच्या वाट्याला आलेले नाही. लातूर जिल्ह्यात तर वनक्षेत्र नाममात्रच. त्यामुळे जंगलात रात्र काढण्याची हौस असलेल्या नांदेड-लातूरकरांची पावले साहजिकच किनवट परिसर, सहस्रकुंड धबधबा आणि नांदेड-यवतमाळच्या सीमेवरील पैनगंगा अभयारण्याकडे वळतात. पवना आणि भंडारदरा परिसरात रुजलेल्या तंबू-पर्यटनाचे आकर्षण इथेही वाटू लागले, तर त्यात नवल नाही. मात्र सह्याद्रीतील अनुभव मराठवाड्यात जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे भान हौशी मंडळींना असतेच असे नाही.

सह्याद्रीत पाऊस जूनमध्ये येऊन मुक्काम ठोकतो. तो कोसळणार हे गृहीतच असते. मराठवाड्यात तसे नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन कोरड्या मोसमात, गारपिटीने उभी पिके आडवी केली. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच टापूत ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील हसनाळसारखी गावे पाण्याने वेढली गेली. त्या पाण्यात केवळ मुखेडचा पाऊस नव्हता. उदगीर आणि कर्नाटकाच्या बाजूने आलेला लोंढाही त्यात होता. पक्क्या घरांतील माणसांना जिथे सावरायला वेळ मिळाला नाही, तिथे कापडी तंबूची काय कथा!

पैनगंगेच्या काठी धोका आणखी निराळा आहे. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. ते भरले की विसर्ग सुरू होतो आणि खाली आभाळ निरभ्र असतानाही पात्र फुगते. सहस्रकुंडाच्या खडकांवर किंवा वाळूवर थाटलेला तंबू दिवसा कितीही सुरक्षित भासला, तरी रात्री चढणारे पाणी झोपलेल्या माणसाला दिसत नाही. त्यातच काठावरची काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि भिजली की ती फुगून मऊ होते. अशा जमिनीत ठोकलेली खुंटी वावटळीच्या पहिल्याच झटक्यात उपटली जाते, चारचाकीही जागीच रुतते. मग निघायचे ठरवले तरी निघता येत नाही.

विजेचे संकट तर याहून गंभीर. मान्सूनपूर्व सरी आणि परतीचा पाऊस या काळात मराठवाड्यात वीज पडून शेतकरी आणि गुराखी दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तंबूचे कापड विजेपासून कसलेही संरक्षण देत नाही. एकाकी उंच झाडाखालचा तंबू तर धोका वाढवतोच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे, हा सर्वमान्य नियम. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. पण दाट जंगलात मोबाइलला रेंज नसेल, तर ते काय करणार?

कायदा याबाबत मोघम नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पर्यटनासाठी अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो आणि जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्यास मनाई आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. या पट्ट्यातून वाघांची ये-जा असते, हे त्यावरून कळावे. साहसी पर्यटनाच्या आयोजकांना नोंदणीची अट घालणारे धोरणही राज्याने २०२१ मध्ये आणले. परंतु अभयारण्याच्या हद्दीबाहेर, नदीकाठच्या शेतात किंवा गायरानावर चार मित्रांनी राहुटी ठोकली, तर त्यांना अडवणार कोण? तेथील वाऱ्या-पाण्याला हद्द ठाऊक नसते.

लातूरकरांना तंबू ही काही केवळ चैनीची वस्तू वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हजारो कुटुंबांनी भर पावसात उघड्यावर आणि तंबूंत दिवस काढले होते. त्यांना निवडीची मुभा नव्हती. सहलीला निघणाऱ्यांना ती आहे.

हवामान विभागाचा नारिंगी वा लाल इशारा असेल त्या दिवशी नदीकाठचे मुक्काम बंद ठेवणे आणि इसापूरच्या विसर्गाची वेळ सहस्रकुंडाच्या वाटेवर ठळक फलकावर लिहिणे, एवढे तरी वन व पाटबंधारे खात्यांना सहज करता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, की मोठा निधीही.