लुटुपुटूचं ऑपरेशन

मुलांनो, पहिलीच्या वर्गात आठवड्यातून एकदा तरी हमखास ऐकू येणारं वाक्य कोणतं, सांगा पाहू? "बाई, पोट दुखतंय!" मग मी काय करते, माहीत आहे? त्या पोटदुख्याला जवळ बसवते, माठातलं भांडंभर पाणी देते, पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, "हळूहळू पी हं, बरं वाटेल." दहा मिनिटांत स्वारी मैदानावर लंगडी घालत असते.

आता मला सांगा, पोटदुखी गेली कशानं? पाण्यानं? हात फिरवल्यानं? बाईंनी "बरं वाटेल" म्हटल्यानं? की ती तशीही दहा मिनिटांत जाणारच होती? तुम्ही म्हणाल, गेली ना एकदाची, मग कशाला एवढ्या चौकश्या! पोटदुखीच्या बाबतीत तेही चालेल. पण हाच प्रश्न हृदयावरच्या उपचाराबद्दल पडला तर? आज आपण अशा डॉक्टरांची गोष्ट पाहणार आहोत, ज्यांनी तो प्रश्न खरोखर विचारला. निमित्त झालं चौथीतल्या एका मुलीचं. तिच्या आजोबांच्या हृदयात 'स्प्रिंग' बसवली. तिनं विचारलं, "बाई, स्प्रिंगनं बरं वाटतं हे डॉक्टरांना कसं कळलं?" प्रश्न छोटा, पण भल्याभल्यांना चाळीस वर्षं पुरला!

आधी थोडं हृदयाविषयी. तुमच्या मुठीएवढा हा पंप दर मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त शरीरभर खेळवतो. पण गंमत अशी, की एवढं रक्त आतून वाहत असूनही त्याचं स्वतःचं पोट त्यावर भरत नाही. घरादाराला वाढणाऱ्या आईलाही शेवटी स्वतःचं ताट वाढून घ्यावं लागतंच ना? तसं हृदयाचं ताट वेगळं असतं. त्याच्या अंगावरून फिरणाऱ्या, जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या नळ्या त्याला रक्त पुरवतात. त्यांना करोनरी धमन्या म्हणतात. वय वाढलं, तंबाखू-विडी चालू असली, मधुमेह किंवा रक्तदाब असला, की या नळीच्या भिंतीतच चरबीचा थर साचू लागतो. भिंत आतल्या बाजूला फुगते आणि वाट अरुंद होते. बसल्या जागी काही जाणवत नाही. पण जिना चढला, बस पकडायला धावलं, की हृदयाला जास्त रक्त हवं असतं, ते मिळत नाही आणि छातीत दाबल्यासारखं दुखतं. थांबलं की थांबतं. या दुखण्याला डॉक्टर अंजायना म्हणतात.

आता १९३९ सालात जाऊ या. इटलीतल्या एका सर्जनला वाटलं, छातीच्या आतल्या बाजूनं खाली उतरणाऱ्या दोन धमन्या असतात, त्या दोऱ्यानं बांधून टाकल्या तर? शेतात एका पाटाचं पाणी अडवलं की ते दुसऱ्या पाटाला वळतं. तसंच त्या धमन्यांतलं रक्त हृदयाकडे वळेल! कल्पना पटण्यासारखी होती, नाही का? पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत हे ऑपरेशन होऊ लागलं. जागा बधिर करून छातीवर छोटी चीर द्यायची, धमन्या बांधायच्या, झालं काम. रुग्ण खूष! "डॉक्टर, आता दुखत नाही, गोळ्याही कमी लागतात," असं कितीतरी जण सांगू लागले.

सिएटलमधल्या लिओनार्ड कॉब या डॉक्टरांना मात्र शंका आली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्ण घेतले. सगळ्यांच्या छातीवर सारखीच चीर दिली, धमन्या मोकळ्या केल्या. आणि मग भर ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हाती एक पाकीट दिलं जाई. आतल्या कार्डावर लिहिलेलं असे, धमन्या बांधा किंवा बांधू नका. ८ जणांच्या बांधल्या, ९ जणांच्या न बांधताच चीर शिवून टाकली. म्हणजे त्या नऊ जणांचं ऑपरेशन लुटुपुटूचं! कोणाचं खरं आणि कोणाचं लुटुपुटूचं, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं आणि नंतर त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. आपली आंधळी कोशिंबीरच म्हणा, फक्त इथे डाव घेणारा आणि देणारा दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी.

निकाल १९५९ साली छापून आला. धमन्या बांधलेल्या आठांपैकी पाच जण म्हणाले, खूप बरं वाटतंय. आणि न बांधलेल्या नऊांपैकी? तेही पाचच! त्याच सुमारास कॅन्सस सिटीतल्या डॉक्टरांनी अशीच तपासणी केली. तिथे लुटुपुटूचं ऑपरेशन झालेल्या पाचही जणांना बरं वाटलं. म्हणजे रुग्ण खोटं बोलत नव्हते बरं का! त्यांना खरोखरच बरं वाटत होतं. पण ते बांधलेल्या धमन्यांमुळे नव्हतं. थोड्याच काळात ते ऑपरेशन बंद पडलं.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही तर फसवणूक झाली!" खरं सांगू? मलाही तसंच वाटतं. त्या रुग्णांना एवढंच सांगितलं होतं, की हा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. आपलं ऑपरेशन लुटुपुटूचंही असू शकेल, याचा त्यांना पत्ता नव्हता. आज असं करता येत नाही. १९६४ साली हेलसिंकीला जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेनं नियम घालून दिले. माणसावर प्रयोग करायचा तर त्याला सगळं समजावून सांगायचं आणि त्याची संमती घ्यायची. आपल्या देशातले नियम तर तुमच्यासाठी मुद्दाम वाचण्यासारखे आहेत. संशोधनात लहान मुलाला घ्यायचं असेल तर आई-वडिलांची परवानगी लागतेच, पण सात वर्षांवरच्या मुलाला त्याचं स्वतःचं म्हणणंही विचारावं लागतं आणि बारा वर्षांवरच्या मुलाची तर लेखी संमती घ्यावी लागते. आहे की नाही तुमचा मान?

बरं, आता स्प्रिंगकडे येऊ.

१९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी एक ८२ वर्षांच्या आजी दवाखान्यात होत्या. पायाची धमनी अरुंद झालेली, पाऊल सडू लागलेलं. पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांचं मत. आजी म्हणाल्या, मुळीच नाही! तेव्हा चार्ल्स डॉटर नावाच्या डॉक्टरांनी धमनीत बारीक तार सरकवली आणि तिच्यावरून एकाहून एक जाड नळ्या घालून वाट रुंद केली. पाऊल बरं झालं. आजी पुढे अडीच वर्षांच्या आसपास जगल्या आणि स्वतःच्या दोन पायांवर चालल्या.

हे काम हृदयापर्यंत नेलं आंद्रेआस ग्रुन्ट्सिग यांनी. नळीच्या टोकाला इवलासा लांबट फुगा बसवायचा, तो अरुंद जागी नेऊन फुगवायचा आणि वाट मोकळी करून बाहेर काढायचा, ही त्यांची युक्ती. ते फुगे त्यांनी कुठे तयार केले असतील? स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात, आपल्या घरच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर! १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी ३८ वर्षांच्या एका माणसाच्या करोनरी धमनीत असा फुगा पहिल्यांदा फुगवला. हीच अँजिओप्लास्टी. पुढे १९८६ मध्ये फुग्याबरोबर तारेच्या जाळीची छोटी नळी आत ठेवायला सुरुवात झाली, कारण मोकळी केलेली वाट पुन्हा बुजत असे. ही जाळी म्हणजे स्टेंट, आजोबांची 'स्प्रिंग'.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. हार्ट अ‍ॅटॅक येतो तेव्हा धमनी अचानक बंद होते. अशा वेळी तातडीनं केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. त्याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या रुग्णांचा, ज्यांना अ‍ॅटॅक आलेला नाही, फक्त चढताना-धावताना दुखतं त्यांचा. २००७ साली अशाच २२८७ रुग्णांची एक मोठी तपासणी जाहीर झाली. नुसती औषधं घेणारे आणि औषधांबरोबर स्टेंट बसवलेले, या दोन्ही गटांत मृत्यूंचं आणि अ‍ॅटॅकचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. मग या रुग्णांना स्टेंट बसवायचा कशासाठी? दुखणं थांबावं म्हणून. आणि "दुखत नाही" हे तर रुग्णच सांगणार. म्हणजे पुन्हा आपलं पोटदुखीचं कोडं!

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या डॉ. राशा अल-लामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सोडवायला घेतलं. एकच धमनी खूप अरुंद झालेल्या २०० रुग्णांना त्यांनी सगळं नीट समजावलं, तुम्हांला स्टेंट मिळेल किंवा मिळणारही नाही, हेसुद्धा. रुग्णांनी सह्या केल्या. आधी सहा आठवडे सगळ्यांना चांगली औषधं दिली. मग एकेकाला टेबलावर घेतलं, गुंगीचं औषध दिलं आणि कानांवर हेडफोन चढवून संगीत लावलं, डॉक्टरांचं बोलणं कानी पडू नये म्हणून! सगळ्यांच्याच धमनीत तार सरकवली. चिठ्ठी टाकावी तशी निवड करून १०५ जणांना स्टेंट बसवला, ९५ जणांना नाही. त्यांनाही तेवढा वेळ टेबलावर तसंच ठेवलं. वॉर्डातल्या नर्स-डॉक्टरांनाही कोणाला काय मिळालं ते ठाऊक नव्हतं.

सहा आठवड्यांनी सगळ्यांना चालत्या पट्ट्यावर चालायला लावलं. आधीपेक्षा किती जास्त वेळ चालता येतं? स्टेंटवाल्यांचा वेळ सरासरी २८.४ सेकंदांनी वाढला. लुटुपुटूवाल्यांचाही ११.८ सेकंदांनी वाढला. फरक साडेसोळा सेकंदांच्या आसपास! एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, असं गणित सांगत होतं. २०१७ च्या नोव्हेंबरात हे जाहीर झालं आणि जगभर एकच गलका उडाला. कोणी म्हणालं, वा! कोणी म्हणालं, छे, रुग्ण फार थोडे होते. कोणी म्हणालं, आधीच औषधांनी दुखणं कमी झालं होतं, मग स्टेंटनं आणखी काय कमी होणार? पहिल्या फुग्यानंतर बरोबर चाळीस वर्षांनी ही पहिली लुटुपुटूची तपासणी झाली होती. इतकी वर्षं कोणी का केली नाही? कारण सगळ्यांना उत्तर माहीतच आहे असं वाटत होतं.

आता डॉ. अल-लामींचं मला आवडलेलं वागणं ऐका. आक्षेप घेणाऱ्यांशी त्या नुसत्या भांडत बसल्या नाहीत. औषधांमुळे फरक झाकला गेला म्हणता? ठीक आहे, मग औषधं थांबवून पाहू! या वेळी ३०१ रुग्ण घेतले आणि अंजायनाच्या गोळ्या बंद केल्या. पुन्हा हेडफोन, पुन्हा चिठ्ठी, आणि बारा आठवडे रोज रुग्णानं मोबाइलवर नोंद करायची, आज किती वेळा दुखलं. २०२३ साली निकाल आला. या खेपेला स्टेंट जिंकला! दुखणं स्पष्टपणे कमी झालं आणि चालण्याचा वेळ लुटुपुटूवाल्यांपेक्षा सुमारे एक मिनिटानं जास्त निघाला. मात्र स्टेंट बसूनही सगळ्यांचंच दुखणं गेलं नाही. काहींचं उरलंच. तेव्हा त्या दुखण्याचं कारण फक्त अरुंद नळी नसावं, असा पुढचा प्रश्न उभा राहिला आहे.

आजोबांच्या नातीला मी हेच सांगितलं. स्टेंटनं दुखणं कमी होतं, हे आता ताडून पाहिलेलं आहे. पण आजोबांच्या गोळ्याही तितक्याच कामाच्या आहेत, त्या चुकवू देऊ नकोस. (पालकांनो, हे वाचून घरातल्या कोणाची औषधं आपल्या मनानं कमी-जास्त करू नका. जे विचारायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि हो, आपल्या देशात कोणत्या औषधांच्या नि उपचारांच्या चाचण्या चालल्या आहेत, याची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून चाचणी सुरू करण्याआधी तिथे नोंद करणं सक्तीचं आहे. ती कोणालाही पाहता येते.)

आता या आठवड्याचा उद्योग. घरात कोणीतरी नक्की म्हणत असेल, "माठाच्या पाण्याची चव बाटलीतल्या पाण्याला नाही!" चला, तपासू या. दोन्ही पाणी तासभर एकाच जागी उघड्या भांड्यांत ठेवा, म्हणजे गारव्यानं ओळखता येणार नाही. कागदाच्या दहा चिठ्ठ्या करा, पाचांवर 'माठ', पाचांवर 'बाटली'. एकानं दुसऱ्या खोलीत जाऊन चिठ्ठी उचलायची, त्याप्रमाणे पेल्यात पाणी ओतायचं, वहीत लिहायचं आणि पेला दारापाशी ठेवून यायचं. तो पेला तिसऱ्यानंच नेऊन द्यायचा, कारण ओतणाऱ्याचा चेहरा चुगली करतो! पिणाऱ्यानं ओळखायचं. अशा दहा फेऱ्या. पाच-सहा बरोबर आल्या तर ते नुसत्या अंदाजानंही जमतं. नऊ-दहा आल्या तर मात्र जीभ खरोखर तरबेज!

कोणाची किती बरोबर आली, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आणि आजीनं हरल्यावर काय कारण सांगितलं, तेही लिहा हं!