आईच्या तेलाचा हिशोब कोण लावणार?

डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की जुन्नर-आंबेगावातल्या शाळांच्या पटांगणात बाजार भरतो. कुठे त्याला बाल आनंद मेळावा म्हणतात, कुठे आठवडे बाजार, तर स्काऊट-गाईडचे पथक असलेल्या शाळेत खरी कमाई. चौथीतली पोरगी मेथीच्या जुड्यांपुढे मांडी घालून बसते. सातवीतली चार मुले घरून तळून आणलेले बटाटेवडे विकतात. कोणी मासवडी आणते, कोणी ढोकळा, कोणी परसातल्या पेरूंचे वाटे लावते. सरपंच येतात, केंद्रप्रमुख येतात, फीत कापली जाते. पाहुणे दोन वडे घेतात, शंभराची नोट पुढे करतात आणि ‘राहू दे बाळा, सुट्टे नकोत’ म्हणून पुढच्या स्टॉलकडे वळतात. दुपारपर्यंत पातेली रिकामी. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एकूण उलाढालीचा आकडा असतो आणि विद्यार्थ्यांनी व्यवहारज्ञानाचे धडे गिरवल्याचे वाक्य असते.

नफ्याचा आकडा मात्र बातमीत सहसा नसतो, कारण तो कोणी काढलेलाच नसतो.

समजा, त्या चौघांनी दहा रुपयांना एक याप्रमाणे साठ वडे विकले. गल्ल्यात ६०० रुपये आले. सातगाव पठारावरचा बटाटा, बेसन, तेल, मिरची-लसूण, गॅस आणि बांधून द्यायचा कागद असे सगळे धरून ३८० रुपये खर्च झाला असेल, तर उरले २२०, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ५५. पहाटे उठून कढईपुढे दोन तास उभ्या राहिलेल्या आईची मजुरी धरली, तर हे ५५ रुपयेही उरणार नाहीत. पण बेसन-तेल घरचे, आई घरची आणि पैसे कोणी मागितलेले नाहीत. त्यामुळे मुलांच्या लेखी ६०० रुपयांची कमाई झाली. व्यवहारज्ञानाच्या नावाखाली मुले त्या दिवशी भलताच धडा शिकून घरी जातात: विक्री म्हणजेच कमाई, आणि बाईच्या कामाला मोल नसते.

मुलांनी काहीतरी करून, विकून आपल्या गटासाठी पैसे उभे करायचे, ही पद्धत जगात अनेक ठिकाणी आहे. तिचे सर्वात गाजलेले रूप अमेरिकेतल्या गर्ल स्काऊट्सच्या कुकीविक्रीत दिसते. १९१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावच्या ‘मिसलटो’ पथकाने घरच्या भट्टीत बिस्किटे भाजून हायस्कूलच्या खाणावळीत विकली, तिथपासून हा इतिहास सांगतात. खरी गंमत पाच वर्षांनंतरची आहे. जुलै १९२२ मध्ये संघटनेच्या ‘अमेरिकन गर्ल’ मासिकात शिकागोच्या फ्लॉरेन्स नील यांनी बिस्किटांची कृती छापली. कृतीबरोबर त्यांनी खर्चही दिला होता. सहा-सात डझन बिस्किटांना २६ ते ३६ सेंटचे सामान लागते आणि ती डझनाला २५ ते ३० सेंटने विकता येतील, असे ते गणित होते. लोणी किती घ्यायचे आणि त्याला पैसे किती पडतील, हे मुलींना एकाच पानावर वाचायला मिळाले.

पुढे व्याप वाढला. १९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या शाखेने बेकरीत तयार झालेली बिस्किटे विकायला घेतली आणि १९३६ पासून राष्ट्रीय संघटना बेकऱ्यांना परवाने देऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा आणि लोणी मिळेना, तेव्हा मुलींनी कॅलेंडरे विकली. आज वर्षाला सुमारे २० कोटी खोकी खपतात. हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. मुली आधी उद्दिष्ट ठरवतात, ओळखीच्या घरांतून मागणी नोंदवतात, वाणसामानाच्या मोठ्या दुकानांबाहेर टेबल मांडून बसतात. खोक्याच्या किमतीतून बेकरीचे पैसे जातात, काही वाटा प्रादेशिक शाखेला जातो आणि काही पथकाकडे राहतो. पथकाच्या वाट्याचे काय करायचे, हे मुली ठरवतात. कोणी शिबिराला जाते, कोणी गावातल्या एखाद्या कामाला देणगी देते.

हे सगळे आदर्श आहे, असे मानायचे कारण नाही. मागणीचे कागद घेऊन आईवडीलच कार्यालयात फिरतात, ही तक्रार तिथेही जुनी आहे. सुखवस्तू वस्तीतल्या पथकाची विक्री जास्त होते. कोविडच्या काळात अंदाज चुकला आणि २०२१ मध्ये दीड कोटी खोकी पडून राहिली. त्याआधी, २०२० मध्ये, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने इंडोनेशिया-मलेशियातल्या पामच्या मळ्यांवरच्या बालमजुरीचा शोध घेतला आणि त्याचा धागा या बिस्किटांपर्यंत नेला. टेनेसीतल्या एका किशोरवयीन मुलीने तर खोक्यावर पामतेलाचे नाव वाचून स्वतः चौकशा सुरू केल्या आणि विक्री थांबवली. तेल कुठून आले, हा प्रश्न एका विक्रेत्या मुलीला पडला. आपल्या पटांगणातल्या मुलांनाही तो पडायला हवा. त्यांच्या बाबतीत उत्तर शोधायला स्वयंपाकघरापर्यंत गेले तरी पुरे.

आपल्याकडे ही परंपरा नव्याने उसनी आणायची गरज नाही. ब्रिटनमधल्या स्काऊटांनी १९४९ पासून ‘बॉब-अ-जॉब’ आठवडा चालवला. एका शिलिंगाला एक काम: बूट पुसणे, बाग साफ करणे, लाकडे फोडणे. पैसे मागायचे नाहीत, काम करून मिळवायचे, हा त्यामागचा दंडक होता. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये हाच विचार खरी कमाई म्हणून रुजला. हातात कार्ड घेऊन घरोघर जायचे, पडेल ते काम करायचे, घरमालकाने कार्डावर काम आणि रक्कम लिहून सही करायची. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला ही कार्डे आठवतात. त्या कार्डात भांडवलाचा प्रश्नच नव्हता. श्रम मुलाचे आणि मोलही त्याच श्रमाचे. कार्ड मागे पडून स्टॉल आला, तेव्हा भांडवल आले, कच्चा माल आला, आईचे श्रम आले. पण वही आली नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर श्रमातून कमावण्याचे हे तत्त्व रयत शिक्षण संस्थेच्या पायातच घातले. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही शिक्षण पुरे करण्याची वाट होती. त्याच संस्थेचे महाविद्यालय मंचरला आहे. आंबेगावाला श्रम आणि शिक्षण यांचे नाते नव्याने सांगायला नको.

आणि हिशोबाचे म्हणाल तर या दोन तालुक्यांतल्या पोरांइतके बाजाराजवळ कोण वाढते? नारायणगावचा टोमॅटो बाजार, जुन्नरचा रविवारचा बाजार आणि बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार त्यांच्या पायाखालचे आहेत. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात २० किलोच्या टोमॅटो क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, तेव्हा तो आकडा तिसरीतल्या मुलालाही पाठ होता. पुढच्या दोनेक महिन्यांत भाव कसा कोसळला, हेही त्याने घरातच ऐकले. शेतकऱ्याच्या घरात आडत्याकडून पट्टी येते. तिच्यावर माल किती, दर काय, हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडे किती आणि शेवटी हातात काय, असे ओळीने लिहिलेले असते. बाप ती पट्टी उलटसुलट करून वाचतो, तोंड पाडतो किंवा खिशात घालून हसतो. पट्टी कशी वाचायची, हे मुलाने पाहिलेले असते. शाळेतल्या स्टॉलवर मात्र त्याच्याकडून कोणी पट्टी मागत नाही.

पश्चिमेकडे गेले की चित्र बदलते. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने पूर्वेकडे ऊस, द्राक्षे आणि भाजीपाला आणला. डिंभे आणि माणिकडोहसारखी धरणे ज्या डोंगराळ पट्ट्यात झाली, तिथल्या आदिवासी कुटुंबांचा रोख पैसा उन्हाळ्यातल्या बाळहिरड्यावर बराच अवलंबून राहिला. तिथली मुले सुट्टीत आईबापांबरोबर हिरडा गोळा करतात, वाळवतात आणि व्यापारी काय भाव देतो, हे कान टवकारून ऐकतात. त्यांना कमाईची ओळख करून देण्याचा आव शाळेने आणू नये. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. आहुप्याच्या बाजूच्या एखाद्या छोट्या शाळेत बाजार भरवला, तर गिऱ्हाईक कोण? आश्रमशाळेतल्या मुलांचे पालक तर जवळही नसतात. उलाढालीच्या आकड्यावर शाळांचे कौतुक व्हायला लागले की नारायणगाव-मंचरच्या शाळा नेहमी वर राहणार आणि डोंगरातल्या शाळा खाली. त्या आकड्यातून मुले काय शिकली, हे कळत नाही. गावात पैसा किती आहे, एवढेच कळते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: वर्षातून एक दिवस मुले मजा करतात, त्यांना कशाला हिशोबात अडकवता? आक्षेप पोकळ नाही. पहिली-दुसरीच्या मुलांनी सुट्टे पैसे मोजले आणि अनोळखी माणसाशी न लाजता दोन शब्द बोलले, तरी खूप झाले. शिवाय शाळेने कमाईच्या मागे लागू नये, ही भीती जुनी आणि सकारण आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून स्वावलंबी होणाऱ्या शाळेची कल्पना मांडली, तेव्हा प्रा. के. टी. शहा यांनी असाच हरकतीचा मुद्दा काढला होता: शाळांचा माल बाजारात आला, तर पोट भरणाऱ्या कारागिराशी त्याची स्पर्धा होईल. आजही फाटकाबाहेर बोरे-चिंचा विकणाऱ्या बाईचा त्या दिवशीचा धंदा आतल्या बाजाराने बुडतो, हे कोणी पाहत नाही. पण हे सगळे मान्य केले, तरी ते हिशोबाच्या विरुद्ध जात नाही. पाचवीच्या पुढच्या मुलाला वजाबाकीचे ओझे होत नाही. उलट साठ वड्यांतून नेमके किती उरले, हे शोधण्यात त्याला फीत कापण्यापेक्षा जास्त रस असतो.

खाण्याच्या पदार्थांचा मुद्दाही बाजूला सारता येणार नाही. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो डोळ्यांपुढे ठेवला, तर तळणाचे स्टॉल कमी करावे लागतील. त्यात नुकसान काही नाही. डोंगरातली नाचणी आहे, शेंगदाणे आहेत, पेरू आणि भाज्या आहेत. बियांची पाकिटे, रोपे, कापडी पिशव्या विकता येतील. सायकल पुसून देणे, वह्यांना कव्हर घालून देणे, अशी त्या जुन्या कार्डावरची कामेही पुन्हा आणता येतील. भांडवल नसलेल्या मुलाला तिथे बरोबरीने उभे राहता येते.

बदल फार मोठे लागत नाहीत. बाजाराच्या पंधरा दिवस आधी वर्गाने ठरवावे की पैसे कशासाठी हवेत: ग्रंथालयाची पुस्तके, सहलीच्या गाडीभाड्यात गरजू मित्राचा वाटा, की क्रिकेटची बॅट. प्रत्येक गटाला शाळा व्यवस्थापन समितीने शंभर-दोनशे रुपये भांडवल म्हणून द्यावेत आणि विक्रीतून ते आधी परत घ्यावेत. सामान घरचे असेल, तर त्याची किंमत लिहावी आणि आईच्या तासांची मजुरीही. ती द्यायची की नाही, हे मुलांनी आईशी बोलून ठरवावे. पण कागदावर ती दिसलीच पाहिजे. पाहुण्यांनी सुट्टे परत घ्यावेत. देणगी द्यायची असेल, तर वेगळ्या डब्यात टाकावी, विक्रीत मिसळू नये. शेवटी प्रत्येक गटाची पट्टी फलकावर लागावी, तोट्यात गेलेल्याचीसुद्धा. शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ नको. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाया गावोगाव आहेत. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरच्या ‘चैतन्य’ संस्थेने नव्वदच्या दशकापासून हे काम उभे केले आणि त्यातून हिशोबाला पक्क्या झालेल्या स्त्रिया या पट्ट्यात भेटतात. त्यांच्यापैकी एखादीला फीत कापायला नव्हे, तर पट्ट्या तपासायला बोलवावे.

पूर्व-पश्चिमेतली तफावत एवढ्याने मिटणार नाही. मैदानी भागातली एक शाळा आणि डोंगरातली एक शाळा अशा जोड्या लावून एकत्र बाजार भरवता येईल. नाचणी, हिरडा, मध तिकडचा आणि गिऱ्हाईक इकडचे. गाडीभाड्याचा प्रश्न येईल, वेळेचा येईल आणि माल विकणाऱ्या मुलाचा वाटा किती, पिकवणाऱ्या घराचा किती, यावर वादही होईल. तो वाद मुलांनीच घालावा. येत्या हंगामात निदान एका केंद्रातल्या शाळांनी हे करून पाहावे आणि केंद्रप्रमुखांनी अहवालात उलाढालीचा रकाना काढून तिथे तीन गोष्टी मागवाव्यात: एकूण खर्च, राहिलेली शिल्लक आणि त्या शिल्लकीचे काय करायचे, हे ठरवताना किती मुलांनी हात वर केले.